आधी झाडू, मग कीर्तन

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. यातलं अर्धं आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, आणि जे माहीत आहे त्यावरून अजूनही दोन तट आहेत. तेव्हा चुलत-मामे भावंडांनो, कुठे चुकलं असेल तर जरूर सांगा, पण शेवटपर्यंत वाचून मग सांगा!

काकांचा फोन आता काकू वापरते. मागच्या दिवाळीत गावी गेले होते (आमचं गाव दर्यापूरकडचं, जिल्हा अमरावती) तेव्हा तिनं तो माझ्या हातात दिला. "यातली जागा भरली म्हन्ते माय हा. काय ते काढून टाक." काढता काढता खाली माझंच नाव आलं. मार्च २०२१ मध्ये मी पुण्याहून काकांना पाठवलेले चौदा व्हिडिओ. लस म्हणजे काय, ती शरीरात काय करते, अफवा कोणत्या आणि खरं काय... सगळे मराठीत, सगळे जाणत्या डॉक्टरांचे, शोधून शोधून निवडलेले. माझ्या फोनवर त्या सगळ्यांखाली दोन-दोन निळ्या खुणा होत्या आणि त्या बघून मी तेव्हा स्वतःवर फार खूश होते. काकांच्या फोनवर मात्र चौदापैकी अकरा व्हिडिओ उतरवलेलेच नव्हते. धूसर चित्र आणि त्यावर तो बाण, तसाच्या तसा.

साठीच्या वरच्यांना १ मार्च २०२१ पासून लस मिळत होती. काका ६७ वर्षांचे. आरोग्य केंद्र गावापासून सहा किलोमीटरवर, आणि काकांकडे मोटरसायकल. ते गेले नाहीत. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांना अमरावतीला नेलं आणि... असो. ते सगळं लिहायला मी बसलेले नाही. लस घेतली असती तर काका वाचलेच असते असं कुठलाही डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही, हेही मला कळतं.

पण तो बाण काही डोळ्यांपुढून जाईना. मी सांगितलेलं खोटं नव्हतं. भाषा त्यांची होती, वेळही योग्य होती. मग ते आत का गेलं नाही? दिवाळीनंतर पुण्याला परत आल्यावर मी याच नादात बरंच वाचलं, आणि वाचता वाचता पहिल्यांदा सापडलं ते माझं रोजचं गणेशखिंड.

रँडचा खून शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला असतो. २२ जून १८९७, राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव, गणेशखिंडीतल्या गव्हर्नराच्या बंगल्यावरून परतणारी बग्गी, चापेकर बंधू. मला आता त्याच्या आधीचे चार महिने जास्त महत्त्वाचे वाटतात. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग निघाला. तो ओळखला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी, हे मूळचे गोव्याचे. तिथून तो पुण्यात आला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला (हो, तोच, जो २०२० मध्ये आपल्याकडे पुन्हा बाहेर काढला) आणि पुण्याच्या प्लेग कमिटीवर वॉल्टर चार्ल्स रँड हे अधिकारी आले. घरझडतीसाठी त्यांनी गोरे सोल्जर लावले.

आता हे सोल्जर सांगत काय होते? आजारी माणसाला वेगळं ठेवा. घर स्वच्छ करा. उजेड-वारा येऊ द्या. मृत्यू लपवू नका. यातलं बरंचसं कुठलाही डॉक्टर आजही सांगेल. पण ते बुटांसकट देवघरात शिरून सांगितलं गेलं. बायकांची तपासणी परक्या पुरुषांनी, चारचौघांत. सामानाची नासधूस, वर जाळपोळ. मग लोकांनी तेच केलं जे भेदरलेला माणूस करतो. रोगी लपवले, किंवा रातोरात गाव सोडून पळाले आणि जाताना रोग बरोबर नेला. निरोप बरोबर असूनही उलटा लागू पडला!

बरं, निरोप तरी पूर्ण बरोबर होता का? प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे माणसाला होतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं दाखवलं १८९८ मध्ये. म्हणजे १८९७ मध्ये लोकांच्या गाद्या जाळणाऱ्यांनाही नेमकं कारण ठाऊक नव्हतं. उलट उंदीर पटापट पडायला लागले की घर सोडून रानात राहायला जायचं, हे आपल्याकडे अनेक ठिकाणी लोकांना अनुभवानं कळलेलं होतं. पण त्यांना कोण विचारणार?

त्याच वेळी, त्याच पुण्याच्या वेशीबाहेर, ससाण्यांच्या माळावर एक दवाखाना चालू होता. सावित्रीबाई फुल्यांचा मुलगा यशवंत डॉक्टर होता, त्याचा. तिथेही रोग्याला घरापासून वेगळंच ठेवत होते. फरक एवढाच, की मुंढव्याच्या एका आजारी पोराला सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाईंनी स्वतःच्या पाठीवर घालून तिथे आणलं. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. सोल्जरच्या हातून जे अलगीकरण होतं ते बाईंच्या पाठीवर सेवा झालं. औषध म्हणाल तर दोन्हीकडे फारसं नव्हतंच.

आता मी वळते आमच्या वऱ्हाडाकडे. कारण पुण्यात हे सगळं चाललेलं असताना तिकडे दापुऱ्याला मामाच्या शेतात एक एकवीस वर्षांचा तरुण राबत होता. देबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, शेंडगाव, समाज परीट. बाप दारूपायी लवकर गेलेला. मुलीच्या बारशाला जातभाईंना मटण-दारूऐवजी गोडाचं जेवण घालून त्यानं आधीच सगळ्यांना चकित केलेलं. १ फेब्रुवारी १९०५ ला तो घर सोडून निघाला तो पुन्हा संसारात आला नाही. पुढे लोक त्याला गाडगेबाबा म्हणायला लागले.

आमच्या आबाजींनी (म्हणजे माझ्या आजोबांनी) गाडगेबाबांना लहानपणी ऋणमोचनला पाहिलं होतं. ऋणमोचन म्हणजे पूर्णेच्या काठावरचं आमच्याकडचं तीर्थ. पौषात रविवारी तिथे यात्रा भरते. आबाजींची ही गोष्ट आम्ही पोरांनी शंभर वेळा तरी ऐकली असेल, आणि दर वेळी ते ती अगदी तशीच सांगायचे. अंगावर चिंध्या, डोक्यावर फुटकं खापर, एका कानात कवडी आणि दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच असा एक माणूस सकाळपासून यात्रेतली घाण झाडतो आहे. पोरं हसताहेत. कुणीतरी वेडा समजून हाकलतोय. आणि संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात हजारो माणसं बसलेली असताना तोच माणूस उभा राहतो. सकाळी हसलेली पोरं (आबाजी त्यातलेच) आईच्या पदराआड. "आधी झाडू, मंग कीर्तन," एवढं बोलून आबाजी गप्प बसायचे. आम्हाला वाटायचं गोष्ट संपली.

गोष्टीचा गाभा तोच होता हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. गाडगेबाबांची रीत जवळपास ठरलेली असे. गावात शिरायचं ते हातात खराटा घेऊनच. कुणाला न विचारता गटारं, पाणवठा, देवळाभोवतीची जागा झाडायला घ्यायची. हळूहळू कुणीतरी ओळखायचं. मग लाज वाटून पाटील खराटा घ्यायचा, मग गाव घ्यायचं. दुपारपर्यंत गाव चक्क झालेलं असे. म्हणजे रात्री कीर्तनात स्वच्छतेचा विषय निघे तेव्हा तो उपदेश नसायचाच. दिवसभर जे सगळ्यांनी मिळून केलं त्याबद्दलची ती गप्पा असायची.

आणि ते कीर्तन तरी कसलं! नारदीय कीर्तनात बुवांचा अंगरखा-उपरणं असतं, पूर्वरंग-उत्तररंग असतो, मधे आख्यान लागतं. इथे त्यातलं काही नाही. गोपाळाच्या नावाचं भजन, त्याच्या तालावर टाळ्या, आणि मग प्रश्न. शुद्ध वऱ्हाडी बोलीतले साधे प्रश्न. नवसाला बकरं का कापता, दारूवर किती जातात, कर्ज काढून तीर्थाला गेल्यावर काय हाती लागतं, पोर शाळेत जातं का... नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्र्याला त्यांनी केलेल्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण झालेलं आहे. डिसेंबरच्या २० तारखेला ते गेले, म्हणजे अगदी शेवटचं. ते मिळालं तर आवर्जून ऐका. मी ते ऐकताना बाबांपेक्षा समोरच्या लोकांकडेच जास्त लक्ष दिलं. बाबा विचारतात आणि माणसांचा एक अख्खा जथा एका दमात उत्तर देतो. ते उत्तर कुणी पढवलेलं नाही. प्रश्नच असा टाकलेला असतो की उत्तर आपल्याच तोंडून निघावं, तेही शेजाऱ्याच्या कानावर पडेल एवढ्या मोठ्यानं. शेजाऱ्यासमोर बोललेलं फिरवणं खेड्यात सोपं नसतं.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात अवघड वाटते. त्यांना त्यातून काही नको होतं. पायाला हात लावू द्यायचे नाहीत, शिष्य करायचे नाहीत, भाकरीसुद्धा काम केल्याशिवाय घ्यायचे नाहीत. लोकांनी दिलेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहूला धर्मशाळा उभ्या राहिल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयापाशी रोग्यांच्या नातेवाइकांसाठी एक झाली (रोग्याची सोय सगळे बघतात, त्याच्या उशाशी बसणाऱ्याचं कोण बघतं?). सगळं विश्वस्तांच्या हाती, घरच्यांना त्यातलं काही नाही. त्यामुळे हा माणूस दारू सोड म्हणाला तर यात याचा काय फायदा, हा प्रश्न कुणाच्या मनातच येत नसे. मी काकांना व्हिडिओ पाठवले तेव्हा काकांच्या मनात नेमका हाच प्रश्न असणार. माझ्याबद्दल नव्हे, त्या व्हिडिओतल्या, कधी न पाहिलेल्या, कोट घातलेल्या माणसाबद्दल.

तुकडोजी महाराजांची खंजिरी हा याच नदीचा पुढचा प्रवाह. त्यांच्या ग्रामगीतेत ग्रामशुद्धी आणि ग्राम-आरोग्य असे चक्क स्वतंत्र अध्याय आहेत. पण त्यांच्यावर लिहायचं तर वेगळंच लिहावं लागेल.

आता आमच्या मामाचा किस्सा. मामा, तू हे वाचशील आणि मला फोन करशील हे माहीत आहे, पण लिहिते.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे कलापथकांचा सुंदर काळ होता. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात वसंत बापट होते, पु. ल. देशपांड्यांनी त्यासाठी 'पुढारी पाहिजे' लिहिलं, निळू फुले आणि दादा कोंडके तिथूनच आले. नाच-गाणं-वगातून लोकांशी बोलता येतं हे या पोरांनी हौसेनं, स्वतःच्या खिशातले पैसे घालून दाखवलं. सरकारलाही ते कळलेलं होतं. केंद्राचा गीत व नाटक विभाग १९५४ मध्येच निघाला होता. मग प्रत्येक योजनेसाठी वग, प्रत्येक योजनेसाठी पोवाडा! सत्तरच्या दशकात आमचा मामा अशाच एका कलापथकात सोंगाड्या होता. विषय बहुतेक वेळा कुटुंब नियोजन, लाल त्रिकोण. प्रयोगामागे मानधन मिळायचं. मामा अफाट विनोदी होता (अजूनही आहे). बायका पदर तोंडाला लावून हसायच्या आणि दुसऱ्या दिवशी नर्सबाईला हळूच काहीतरी विचारायच्या. म्हणजे काम होत होतं.

मग १९७६ आलं. आणीबाणी. नसबंदीचे आकडे ठरवून दिलेले, आणि ते गाठण्यासाठी शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक सगळे माणसं गोळा करताहेत. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं, देशातलं असं पहिलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं त्याचा कायदा झाला नाही, पण गावोगाव जायची ती दहशत गेलीच. मामा सांगतो, ज्या गावात आधीच्या वर्षी पाय ठेवायला जागा नव्हती तिथे यांची गाडी दिसताच पुरुष माणसं शेताकडे पळाली. "तोच मी, तीच ढोलकी, तेच विनोद. समोर फक्त चार म्हाताऱ्या आणि एक कुत्रं." लोकांना वाटलं होतं की वगामागून गाडी येते आणि धरून नेते. (एकदा तसं झालंही होतं म्हणे, पण ते मामा पूर्ण सांगत नाही.) आणीबाणी उठल्यावरही पुरुष-नसबंदी जी कोसळली ती पुन्हा कधी सावरली नाही. शस्त्रक्रियेचं ओझं आजतागायत बायकांवरच आहे.

मामाचं म्हणणं, "आम्ही वाईट काय सांगितलं? दोन पुरे, हेच ना?" बरोबर आहे, मामा. रँडचे सोल्जरसुद्धा स्वच्छताच सांगत होते. लोककलेत घातलं की काहीही गोड लागतं असं शहाण्या माणसांना वाटतं. गोळीवर साखरेचं कवच चढवावं तसं. पण खेड्यातला माणूस गाण्याआधी गाणारा बघतो. हा कुणाचा, कुणाच्या गाडीतून आला, उद्या इथे असणार आहे का. ही चौकशी झाल्याशिवाय तो ढोलकीला मान डोलावेल, हसेल, टाळ्याही देईल आणि घरी जाऊन जे करायचं तेच करेल.

२०००-०१ मध्ये गाडगेबाबांच्याच नावानं ग्राम स्वच्छता अभियान सुरू झालं. आर. आर. पाटील तेव्हा ग्रामविकासमंत्री होते. मला त्या अभियानाबद्दल आदर आहे, पुष्कळ गावं खरंच उजळली. आमच्या गावात मात्र तपासणी समिती यायच्या आदल्या दोन दिवसांत झाडू निघायचे आणि ती गेल्यावर माळ्यावर जायचे. बाबांच्या भिंतीवरच्या चित्राखालीच उकिरडा. हसावं की रडावं!

सगळंच बिघडलं असं नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये गेले आणि त्यांनी गावोगावच्या, बहुतेक निरक्षर, कित्येक दलित बायकांनाच आरोग्य सेविका केलं. या बायका शिकल्या त्या गोष्टींतून आणि गाण्यांतून, आणि शिकवल्या त्याही तशाच. जुलाब झालेल्या लेकराला लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण वहीत लिहून ठेवणाऱ्यापेक्षा चालीत म्हणणारीच्या जास्त लक्षात राहतं. आणि मुख्य म्हणजे ती म्हणणारी रात्री दोनला दार वाजवलं तर उठून येणारी असते. सांगलीतही तसंच. १९९२ पासून 'संग्राम'च्या कामात वेश्याव्यवसायातल्या बायकांनीच एकमेकींना निरोध वाटले, आजार समजावला. पुढे त्यांची 'वॅम्प' ही संघटना झाली आणि सुषमा देशपांडे यांच्या मदतीनं त्यांनी स्वतःच्या जगण्यावर नाटकही उभं केलं. (याच सुषमाताईंचं 'व्हय, मी सावित्रीबाई' तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल.) एड्सचे काळे, कवटीवाले फलक त्या काळात भिंतीभिंतीवर होते. ते बघून लोक घाबरायचे आणि नजर फिरवायचे.

हे सगळं मी आता लिहितेय, पण २०२१ च्या जुलैत यातलं काही माझ्या डोक्यात नव्हतं. काकांच्या नंतरच्या कामांसाठी मी गावी राहिले होते. गावात लशीबद्दल जे बोललं जात होतं ते इथे लिहवत नाही. जून महिन्यात शाळेत लसीकरणाचं पथक आलं, दिवसभर बसलं, नऊ माणसं आली. आशाताई बिचारी घरोघर फिरून दमली. फोन लावला की आधी सूचना ऐकू येत होत्या, पोलिसांची गाडी भोंग्यावरून सांगून गेली, सरपंचांनी फलक लावला.

आमच्या गावच्या भजनी मंडळाचे म्होरके, त्यांना सगळे नुसतं बुवा म्हणतात. वय सत्तरीचं. गावात कुणाचंही काही झालं, बारसं असो की तेरवी, बुवा पेटी घेऊन हजर. पैसा घेत नाहीत. काका त्यांचे टाळकरी, तीस वर्षांचे. दोघं मिळून दर वर्षी पंढरपूरला जायचे. त्या वर्षी, आदल्या वर्षीसारखीच, पायी वारी नव्हती. पालख्याच बसनं गेल्या. तेव्हा आषाढी एकादशीला, २० जुलैला, मारुतीच्या पारावर भजन ठरलं. लांब लांब बसून, तोंडाला फडकी बांधून.

पुढचं पथक दोन दिवसांनी यायचं होतं. एकादशीच्या सकाळी बुवा आणि मंडळातली चार म्हातारी माणसं शाळेत गेली आणि त्यांनी व्हरांडा झाडून, धुऊन, चुना मारला. कुणी सांगितलं नव्हतं. मला ते बघून आबाजींचं वाक्य आठवायला हवं होतं, पण तेव्हा आठवलं नाही.

रात्री दोन-तीन अभंग झाल्यावर बुवांनी पेटी थांबवली. नेहमीच्या आवाजात म्हणाले, की मीसुद्धा टोचून घेतलेलं नाही. भेव वाटते. उद्या दर्यापूरला जाऊन घेतो, परवा तुम्ही मले पाहा. मेलो तर घेऊ नका. लोक हसले. मग त्यांनी उजवीकडच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि विचारलं, "आपला टाळकरी कुठी गेला?"

कुणी बोलेना. बुवांनी पुन्हा विचारलं. बायकांच्या बाजूला भिंतीला टेकून बसलेली काकू, जिनं तीन महिन्यांत धड दोन वाक्यं उच्चारली नव्हती, ती म्हणाली, "गेला. भेत होता सुईले. मीच म्हनलं, नोका जाऊ."

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

पथक आलं त्या दिवशी शाळेत रांग होती. सगळं गाव आलं असं नाही. काही घरं आजही टोचून न घेतलेलीच आहेत. पण काकू होती, बुवांच्या मागे तिसरी.

आता तट कशावरून आहेत ते सांगते. माझ्या चुलतभावाचं, म्हणजे काकांच्या मुलाचं म्हणणं असं की बुवांनी ते करायला नको होतं. भर पारावर, लोकांसमोर, विधवा बाईला असं उघडं पाडायचं? चार लोकांनी सुई घ्यावी म्हणून त्याच्या आईचं दुःख वापरलं, असं तो म्हणतो, आणि अजून बुवांशी बोलत नाही. मला त्याचं चूक म्हणता येत नाही. मला बुवांचंही चूक म्हणता येत नाही. गाडगेबाबांच्या कीर्तनातसुद्धा दारुड्या नवऱ्याची बायको समोर बसलेली असणारच की. प्रश्न विचारला गेला की सगळं गाव कुणाकडे वळून बघत असेल?

दिवाळीत तो फोन हातात असताना मी धीर करून काकूलाच विचारलं. बुवांचा राग आला होता का? तिच्या डोळ्यांपुढे करंज्यांचं ताट होतं, तिनं वर पाहिलंही नाही.

"काऊन येईन राग? तवापर्यंत कोनी इचारलंच नोतं मले."

मी चौदाही व्हिडिओ काढून टाकले. मग आणखी खाली एक निघाला, काकांनी कधीतरी स्वतःच घेतलेला, साडेतीन मिनिटांचा. पारावरचं भजन. फोन मांडीवर उलटा पडला असावा, कारण सगळा अंधार, नुसता टाळांचा आवाज. हाही काढू का, म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. तिनं करंजीची कड दाबता दाबता नाही म्हणून मान हलवली.